पैसे बंद केले, तर बॉम्ब थांबतो का?

१. प्रश्न भिलाईतून बघताना

११ मे १९९८ रोजी पोखरणच्या वाळवंटात तीन अणुस्फोट झाले, १३ तारखेला आणखी दोन. पेढे वाटून झाले आणि मग लोकांच्या तोंडी एक साधा प्रश्न आला. अमेरिका आता मदत बंद करणार, जपान कर्ज थांबवणार, जागतिक बँक हात आखडता घेणार. मग हा कार्यक्रम पुढे चालायचा कसा? आजही इराण किंवा उत्तर कोरियाची बातमी आली की हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारला जातो. इतके निर्बंध घातले, तरी यांचं काम थांबत कसं नाही?

या प्रकरणात आपण हा प्रश्न भिलाईत उभं राहून बघणार आहोत. भिलाईत बॉम्ब होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिथे रूळ होतात, जाड प्लेटा होतात. पण परदेशी मदतीनं एखादं अवघड तंत्र आणणं म्हणजे काय, आणि ती मदत उद्या नसली तर काय, हे या गावाला पहिल्या पिढीपासून ठाऊक आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतलं लोहखनिज, रशियन इंजिनिअर आणि देशभरातून आलेली माणसं, विदर्भातली मराठी घरंही त्यांत आली, असा तो मेळ होता. गावातली मैत्री बाग त्याच दोस्तीची खूण.

रशियन आले, शिकवलं आणि गेले. भट्टी मात्र पेटतीच राहिली. कारखान्याला तीन गोष्टी लागतात: कच्चा माल, यंत्रं आणि ती चालवणारे हात. पहिल्या दोन बाहेरचा माणूस अडवू शकतो. तिसरी एकदा अंगात मुरली की परत मागून घेता येत नाही. निर्बंधांची सगळी गोष्ट या फरकाभोवती फिरते.

२. निर्बंध म्हणजे नेमकं काय?

वर्तमानपत्रात "निर्बंध" हा एकच शब्द येतो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रकार असतात. पूर्वी गाव एखाद्या घराला वाळीत टाकायचं, ते आठवा. आधी उसनंपासनं बंद व्हायचं. मग गिरणीवाला दळण नाकारायचा, सुतार नांगर भरून द्यायचा नाही. आणि गाव फारच चिडलं तर बाजारात त्या घराशी कुणी देवाणघेवाणच करायचं नाही.

देशांचंही तसंच असतं. पहिला प्रकार पैशाचा: मदत, कर्ज, कर्जाची हमी बंद. दुसरा वस्तूंचा: यंत्र, सुटे भाग, इंधन, संगणक यांची विक्री बंद. याला तंत्रज्ञान नाकारणं म्हणतात. तिसरा सगळ्यात कडक: तेल विकायला बंदी, बँकांचे व्यवहार बंद, जहाजांना विमा नाही. भारताच्या वाट्याला पहिले दोन आले. तिसरा इराण आणि उत्तर कोरिया भोगत आले आहेत.

हा फरक लक्षात न ठेवता "निर्बंध चालतात की नाही" असा वाद घालणं म्हणजे वेळेचा अपव्यय. उसनं बंद झाल्यानं घर उपाशी मरत नाही, पण दळण बंद झालं की जातं शोधावं लागतं.

३. कॅनडा निघून जातो

आता १९७४ कडे जाऊ. १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताचा पहिला अणुस्फोट झाला. त्याला लागणारं प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस या अणुभट्टीतून आलं होतं. सायरस १९६० साली सुरू झाली. ती कॅनडानं दिली होती आणि तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं होतं. "शांततेच्या कामासाठीच वापरू" असं भारतानं म्हटलं होतं, आणि स्फोटानंतरही भारताचं म्हणणं होतं की हा स्फोट शांततेसाठीच आहे. कॅनडाला ते पटलं नाही. काही दिवसांतच त्यानं अणुसहकार्य थांबवलं आणि १९७६ मध्ये ते कायमचं तोडलं.

इथे दोन शब्द समजून घेऊ. खाणीतून निघणारं युरेनियम जसंच्या तसं ज्या भट्टीत जळतं, तिला जड पाणी लागतं. नेहमीच्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या दर साधारण साडेसहा-सात हजार अणूंत एक अणू जड असतो. असे जड अणू वेचून जे पाणी बनवतात, ते जड पाणी. ते भट्टीतल्या न्यूट्रॉनचा वेग कमी करतं, आणि त्यामुळेच साखळी टिकते. जळून झालेल्या इंधनात थोडं प्लुटोनियम तयार झालेलं असतं. ते रसायनांनी वेगळं काढता आलं, तर त्याचं पुन्हा इंधनही होतं आणि बॉम्बही होतो. वीज आणि बॉम्ब यांची वाट बरीच दूरपर्यंत एकच असते, आणि जगाची सगळी चिंता याच गोष्टीतून निघाली.

कॅनडा गेला, तेव्हा राजस्थानात रावतभाट्याला पहिली भट्टी चालू झालेली होती आणि दुसरी अर्धवट उभी होती. आराखडे होते. बरेच भाग यायचे राहिले होते. जड पाणी नव्हतं. वडोदऱ्याच्या जड पाण्याच्या कारखान्यात १९७७ च्या शेवटी स्फोट झाला, तो वेगळाच. शेवटी जड पाणी सोव्हिएत संघाकडून घ्यावं लागलं, आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय तपासणीच्या अटीही घ्याव्या लागल्या. दुसरी भट्टी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली ती १ एप्रिल १९८१ रोजी. पहिली १९७३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली होती. मधली सात वर्षं कुठे गेली, याचं उत्तर नाकारलेल्या सुट्या भागांच्या यादीत आहे.

पण त्याच वर्षांत आणि त्यांच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट घडली. कल्पाक्कमची पहिली भट्टी भारतीयांनी स्वतः उभी केली आणि १९८४ च्या जानेवारीत ती व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली. जड पाण्याचे कारखाने एकापाठोपाठ एक उभे राहिले: तुतिकोरिन, तालचेर, कोटा, आणि अलिबागजवळ थळला खतकारखान्याच्या शेजारी. थळच्या कारखान्याला तिथल्या खतकारखान्याचा वायू लागतो, म्हणून ते दोघे शेजारी. ज्या देशाला १९७० च्या दशकात जड पाणी उसनं आणावं लागलं, त्यानं पुढे दक्षिण कोरियाला जड पाणी विकलं. १९८५ साली तुर्भ्याला ध्रुव ही १०० मेगावॉट औष्णिक क्षमतेची भट्टी सुरू झाली. तिच्यावर कुणाची तपासणी नव्हती, कारण तिच्यात बाहेरचं काही नव्हतं.

ही ओळ थांबून वाचण्यासारखी आहे. बाहेरची वस्तू घेतली की तिच्यासोबत बाहेरचा तपासनीस येतो. वस्तू नाकारली, तर तपासनीसही येत नाही. भट्टी उशिरा होते, पण होते ती मोकळी. १९७४ नंतरच्या बंदीनं भारताची वीज मागे रेटली आणि बॉम्बची भट्टी मात्र देखरेखीबाहेर उभी राहायला मदत केली. बंदी घालणाऱ्यांना हे नको होतं, यात शंका नाही.

नाकारण्याची व्यवस्था पुढे पक्की झाली. अणुसाहित्य विकणाऱ्या देशांचा गट १९७४ नंतर लंडनमध्ये जमू लागला आणि अमेरिकेनं १९७८ मध्ये अणुप्रसार रोखण्याचा कायदा केला. त्या कायद्याचा पहिला मोठा फटका बसला तो आपल्या दाराशीच.

४. तारापूर: इंधनासाठी दारोदार

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागल्या. बांधल्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं. या भट्ट्यांना साधं युरेनियम चालत नाही, समृद्ध केलेलं, म्हणजे त्यातला फुटणारा अंश वाढवलेलं, लागतं, आणि ते अमेरिकेनं ३० वर्षं पुरवायचं असा १९६३ चा करार होता. १९७८ चा नवा कायदा म्हणाला: ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांवर तपासणी नाही, त्याला इंधन नाही. जुना करार की नवा कायदा?

१९८० साली अध्यक्ष कार्टरनी इंधन पाठवायचं ठरवलं. अमेरिकी काँग्रेसच्या खालच्या सभागृहानं विरोध केला. सिनेटमध्ये मत झालं ते ४८ विरुद्ध ४६. दोन मतांच्या फरकानं ३८ टन इंधन सुटलं. मुंबईच्या लोकलमधल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, पण महाराष्ट्र आणि गुजरातच्या विजेचा एक तुकडा त्या दिवशी वॉशिंग्टनमधल्या दोन सिनेटरांच्या हाती होता. पुढे तेही थांबलं. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांच्यात तोडगा निघाला: अमेरिकेऐवजी फ्रान्स इंधन देईल. १९९३ मध्ये करार संपला तेव्हा फ्रान्सनंही हात झटकले. मग १९९५ मध्ये चीन पुढे आला, आणि २००१ च्या सुमारास रशिया. मधल्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्रानं प्लुटोनियम मिसळलेलं इंधन तयार करून तारापूरच्या भट्टीत घातलंही.

तारापूर एकदाही इंधनाअभावी कायमचं बंद पडलं नाही. पण दर काही वर्षांनी कुणाचा तरी दरवाजा ठोठवावा लागला, आणि भट्ट्या जपून, कमी क्षमतेवर चालवाव्या लागल्या. लक्षात घ्या, या दोन भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली होत्या. बॉम्बशी त्यांचा संबंध नव्हता. निर्बंधांनी सर्वात जास्त त्रास दिला तो नेमका सरळ वागणाऱ्या भट्ट्यांना.

५. १९९८: पैशाची बाजू, आकड्यांसह

आता पहिल्या प्रश्नाकडे. १९९८ च्या स्फोटांनंतर अमेरिकेचा ग्लेन दुरुस्ती नावाचा कायदा आपोआप लागू झाला. तो १९९४ चा. अण्वस्त्रचाचणी केली की आर्थिक मदत, शस्त्रविक्री, सरकारी कर्जहमी, अमेरिकी बँकांची सरकारला कर्जं बंद, आणि जागतिक बँकेसारख्या संस्थांमध्ये त्या देशाच्या कर्जाला अमेरिकेचा विरोध. अन्न आणि माणुसकीची मदत मात्र वगळलेली. जपाननंही नवी मदत गोठवली. जागतिक बँकेनं मे महिन्यातच सुमारे ८६.५ कोटी डॉलरची कर्जं पुढे ढकलली. रुपया ४० च्या आसपास होता तो जूनपर्यंत ४२ च्या पुढे गेला. जूनमध्येच मूडीजनं भारताची पत गुंतवणूकयोग्य श्रेणीखाली आणली. फ्रान्स, रशिया आणि ब्रिटन मात्र निर्बंधांत उतरले नाहीत. वाळीत टाकणाऱ्या गावात अर्धं गाव बाहेरच होतं.

सरकारनं काय केलं? ऑगस्ट १९९८ मध्ये स्टेट बँकेनं अनिवासी भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बॉण्ड काढले. पाच वर्षांचे, डॉलरमधल्या रोख्यांवर ७.७५ टक्के व्याज. काही आठवड्यांत ४.२ अब्ज डॉलर जमले. न्यू जर्सी, दुबई, लंडनच्या मराठी घरांतूनही पैसा आला असणार, पण तो देशप्रेमानंच आला असं समजू नका. व्याजही चांगलं होतं.

इथे एक छोटा हिशोब करून पाहू. ४.२ अब्ज डॉलरवर ७.७५ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर व्याज. अमेरिकी सरकार स्वतः त्या वेळी साधारण साडेपाच टक्क्यांच्या आसपास पैसे उभे करत होतं. म्हणजे दर शंभरामागे सव्वादोन रुपये जास्त, आणि एकूण वर्षाला नऊ-साडेनऊ कोटी डॉलर. सगळे रोखे डॉलरमध्ये धरून हा ढोबळ अंदाज आहे आणि सगळाच फरक काही निर्बंधांमुळे नव्हता; पत कमी असलेल्या देशाला नेहमीच जास्त व्याज पडतं. तरी निर्बंधांच्या आर्थिक किमतीचा अंदाज यायला हा आकडा पुरेसा आहे. त्या वेळी भारताकडे सुमारे २९ अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी होती. त्यामुळे ही किंमत भरता येण्यासारखी होती.

पाकिस्तानची गोष्ट वेगळी झाली. त्यानं २८ आणि ३० मे रोजी स्फोट केले आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्याच नागरिकांची परकीय चलनातली बँक खाती गोठवली. त्याची गंगाजळी अब्जाच्या घरात, ती काही आठवड्यांची. तोच कायदा, तेच निर्बंध, पण घाव दोघांना सारखा लागला नाही. निर्बंध किती लागतात हे कायद्याइतकंच समोरच्याच्या खिशावर ठरतं.

एक गंमतीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. निर्बंध लागू झाल्यावर अमेरिकेच्या वायव्य भागातले गहू पिकवणारे शेतकरी घाबरले, कारण पाकिस्तान त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं. जुलै १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं घाईघाईनं शेतमालाची निर्यात-कर्जं निर्बंधांतून वगळली. दोन महिन्यांत पहिलं भोक पडलं आणि ते खुद्द वाळीत टाकणाऱ्यानं पाडलं. त्याच वर्षी आणखी सूट देण्याचे अधिकार अध्यक्षांना मिळाले आणि २२ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर अकरा दिवसांनी, ग्लेन दुरुस्तीचे निर्बंध उठले. भारतानं एकही बॉम्ब कमी केलेला नव्हता.

६. यादीत नाव आलेले कारखाने

पैशाचे निर्बंध लवकर विरले. वस्तूंचे तसे नव्हते. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेनं एक यादी प्रसिद्ध केली. शाखांसह २०० हून जास्त भारतीय संस्था त्यात होत्या. भाभा केंद्र, इस्रो, संरक्षण प्रयोगशाळा तर होत्याच. पण मुंबईची गोदरेज अँड बॉइस, लार्सन अँड टुब्रो, पुण्याची किर्लोस्कर ब्रदर्स, वालचंदनगर इंडस्ट्रीज यांचीही नावं होती. पंप आणि साखरकारखान्याची यंत्रं करणाऱ्या कंपन्या अमेरिकेच्या काळ्या यादीत आल्या, कारण अणुभट्टीची भांडी, झडपा, पंप त्याच घडवत होत्या. यादीत नाव आलं की अमेरिकेतून एखादा साधा संगणकही परवान्याशिवाय येत नाही, आणि परवाना बहुधा नाकारला जातो.

वालचंदनगर इंदापूर तालुक्यात. साखरेपासून सुरू झालेल्या या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये अणुभट्टीचं कॅलँड्रिया घडलं. कॅलँड्रिया म्हणजे ज्या टाकीत जड पाणी भरतात आणि जिच्यातून इंधनाच्या नळ्या आरपार जातात, ते भांडं. शेकडो भोकं, एका भोकाचा केसभर फरक चालत नाही. हे काम बाहेरून विकत मिळालं असतं, तर वालचंदनगरात कुणी शिकलं नसतं. यादीत नाव येणं हा त्या कारागिरांचा अपमान होता असं कुणी म्हणतं. मला ते प्रमाणपत्र वाटतं.

संगणकाची गोष्ट याच्या आधीची. १९८० च्या दशकात अमेरिकेनं भारताला हवामानासाठी एक क्रे महासंगणक दिला, तोही अटी घालून; त्याहून ताकदीचा नाकारला, कारण त्यावर बॉम्बची गणितंही करता येतात. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. इथेही नमुना तोच. उशीर झाला, खर्च झाला, आणि शेवटी नाकारणाऱ्याच्या हातातलं हत्यारच बोथट झालं.

हे ऐकायला गोड लागतं. पण "निर्बंध म्हणजे वरदान" असं जे भाषणांत म्हणतात, ते मला पटत नाही. जी गोष्ट दोन वर्षांत विकत मिळाली असती, ती बनवायला दहा वर्षं गेली. त्या आठ वर्षांत किती खेडी अंधारात राहिली, त्याचा हिशोब कुणी मांडत नाही. नाकारलेलं सगळंच आपण लवकर बनवलं असंही नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावानं रशियाचं क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान अडलं आणि भारतीय क्रायोजेनिक इंजिनानं यशस्वी उड्डाण केलं ते २०१४ च्या जानेवारीत.

७. भिलाईची प्लेट

भिलाईला परत येऊ. युद्धनौकांचं पोलाद वेगळं असतं. ते कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होता कामा नये, आणि जहाजाच्या सांध्यावर सांधा जोडायचा म्हणजे वेल्डिंगलाही ते वश असायला हवं. भारत हे पोलाद रशियाकडून आणत असे. तिथून मिळणं अवघड झालं, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेनं डीएमआर-२४९ए नावाचं पोलाद तयार केलं आणि ते सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या भिलाई, बोकारो, राउरकेला या कारखान्यांत बनू लागलं. उणे ६० अंश तापमानात ते धक्का सोसतं की नाही, हे नमुन्यावर हातोडा मारून तपासतात. विक्रांत या विमानवाहू नौकेत सेलनं सुमारे ३०,००० टन असं पोलाद घातलं. २ सप्टेंबर २०२२ रोजी ती नौदलात दाखल झाली.

हे अण्वस्त्रांचे निर्बंध नव्हते, हे खरंच. रशिया तर आपला मित्र. पण न मिळणारी वस्तू कशी बनते ते इथे स्वच्छ दिसतं. प्रयोगशाळेत मुठीएवढा तुकडा होणं ही अर्धीच गोष्ट. प्लेट मिलमध्ये तोच दर्जा टनाटनानं, हजार वेळा, एकही नमुना न फुटता यावा लागतो. त्यासाठी ज्याला रूळ आणि प्लेटा लाटायची तीन पिढ्यांची सवय आहे असा कारखाना लागतो. निर्बंध घालणाऱ्याला नकाशावर यंत्रं दिसतात, ही सवय दिसत नाही. म्हणून अंदाज चुकतात.

८. मग बोचलं काय?

बोचलं युरेनियम. भारतात युरेनियम कमी आणि हलक्या दर्जाचं. झारखंडच्या जादुगुड्याची खाण १९६७ पासून चालू आहे. तारापूरसारख्या तपासणीखालच्या भट्ट्या सोडल्या, तर बाहेरून विकत घ्यायला १९७४ नंतर वाव नव्हता. भट्ट्या वाढल्या, खाणी त्या वेगानं वाढल्या नाहीत. २००७-०८ आणि २००८-०९ मध्ये भारताच्या अणुवीजकेंद्रांनी क्षमतेच्या जेमतेम निम्मी वीज दिली. भट्ट्या नादुरुस्त नव्हत्या. त्यांना जाळायला इंधन नव्हतं.

मग बॉम्बचं काय? मनातल्या मनात आकडे घेऊन बघा. समजा देशात वर्षाला १०० भाग युरेनियम निघतं, वीजभट्ट्यांना १८० हवं, आणि बॉम्बसाठी प्लुटोनियम करणाऱ्या भट्टीला १०. तुटवडा ९० भागांचा आहे. दहा भागांची भट्टी बंद करून काय वाचेल? फारसं काही नाही. म्हणून टंचाई आली की तिचा सगळा भार विजेवर पडतो आणि लहान, महत्त्वाची भट्टी चालू राहते. (आकडे समजण्यापुरते आहेत, प्रमाण मात्र असंच विषम असतं.) बॉम्बला लागणारा माल थोडा, राज्यकर्त्यांच्या लेखी त्याचं मोल फार, विजेला लागणारा माल प्रचंड, आणि वीज थोडी कमी झाली तर सरकार पडत नाही. कोणत्याही देशात निर्बंध या उतारानं खाली वाहत जातात.

या टंचाईनंच भारताला अमेरिकेसोबतच्या २००८ च्या अणुकराराच्या टेबलावर बसवलं, असं माझं मत आहे. ६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादार देशांच्या गटानं भारताला सवलत दिली. बदल्यात भारतानं १४ वीजभट्ट्या टप्प्याटप्प्यानं तपासणीखाली ठेवल्या (तारापूरसारख्या काही आधीपासूनच होत्या), ८ बाहेर ठेवल्या. ज्या सायरसपासून हे सगळं सुरू झालं, ती ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद केली. १९७४ च्या बंदीनं ३४ वर्षांत मिळवलं ते एवढंच.

९. थांबला कुठे?

असा एकही देश नाही का, जो निर्बंधांनी थांबला? आहे, पण तिथे निर्बंध घातलेच गेले नाहीत. फक्त त्यांची धमकी होती. दक्षिण कोरियानं १९७५ मध्ये फ्रान्सकडून प्लुटोनियम वेगळं काढण्याचा कारखाना घ्यायचं ठरवलं होतं. अमेरिकेनं वीजभट्टीच्या कर्जाचा आणि लष्करी छत्राचा प्रश्न काढला. १९७६ च्या जानेवारीत करार रद्द. सेऊलचं सगळं अमेरिकेवर अवलंबून होतं; तिला नकार देणं त्याला परवडलं नसतं.

आपल्याकडेही धमकीनं एकदा काम केलं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये नरसिंह राव सरकारच्या काळात पोखरणला तयारी चालू होती. अमेरिकी उपग्रहांनी ती टिपली, राजदूत फ्रँक विझ्नरनी दिल्लीत चित्रं दाखवली आणि चाचणी झाली नाही. १९९१ चं परकीय चलनाचं संकट तेव्हा ताजं होतं. अडीच वर्षांनी गंगाजळी फुगली होती आणि तयारी उपग्रहांना दिसलीच नाही.

दक्षिण आफ्रिकेनं सहा बॉम्ब मोडून टाकले आणि २४ मार्च १९९३ रोजी अध्यक्ष डी क्लर्कनी ते जाहीर केलं. निर्बंध तिथे होते, पण सत्ताबदल दाराशी होता, शीतयुद्ध संपलं होतं आणि अंगोलातून क्युबाचं सैन्य परतलं होतं. सगळं श्रेय निर्बंधांना देणं खरं नाही. उत्तर कोरियानं २००६ ते २०१७ मध्ये सहा अणुचाचण्या केल्या, प्रत्येक वेळी निर्बंध वाढले. इराणनं २००६ साली युरेनियम समृद्ध करणाऱ्या १६४ यंत्रांचा एक संच चालवून दाखवला होता. २०१३ पर्यंत यंत्रं सुमारे १९,००० झाली, आणि याच काळात निर्बंध सर्वात कडक होत गेले. इराणच्या कार्यक्रमावर मर्यादा घालणारा २०१५ चा करार झाला तो निर्बंधांच्या दुखण्यानं, हे मान्य केलं पाहिजे. आणि २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडल्यावर तीन वर्षांत इराण ६० टक्के समृद्धीवर गेला. निर्बंध उठतील असा भरवसाच उरला नाही, तर थांबण्यातही कुणाला काही लाभ वाटत नाही.

भारताच्या बाबतीत तो भरवसा यायला किती काळ लागला, ते एका तारखेत आहे. नोव्हेंबर १९९८ च्या यादीतली बहुतेक नावं २००१ नंतर हळूहळू निघाली. गोदरेज, किर्लोस्कर सुटले. भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव मात्र २००८ च्या करारानंतरही तसंच राहिलं. ते अमेरिकेनं काढलं १५ जानेवारी २०२५ रोजी.